तिरफळाविना आमटी

फार फार मागची गोष्ट. तेव्हा राजे आपापल्या शेतांचे बांध स्वतः फिरून बघत आणि राण्या आपापल्या चुली स्वतः पेटवत. तुम्हांला खोटं वाटेल, पण गोष्ट सांगणारा मी आहे, तेव्हा तूर्त माझंच ऐका.

घाटाच्या माथ्यावर एक राज्य होतं आणि घाटाच्या पायथ्याशी, समुद्राकाठी दुसरं. वर तूर पिकायची, ऊस पिकायचा. खाली मीठ पिकायचं, नारळ लागायचे. वरून डाळ-गूळ उतरायचा, खालून मीठ-खोबरं चढायचं आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा घाटात दिवसभर वाजत राहायच्या. खालच्या राजाने आपली धाकटी बहीण वरच्या राजाला दिली, तेव्हा तर दोन्ही राज्यं एकमेकांची सोयरीच झाली.

पण सुखात राहायलाही थोडं शहाणपण लागतं आणि ते दोन्ही दरबारांत बेताचंच होतं.

एका वर्षी वरून गेलेल्या डाळीत खडे निघाले. काळे असते तर निवडताना दिसले असते. हे डाळीच्याच रंगाचे, डाळीच्याच आकाराचे होते. ऐन सणाच्या जेवणात खालच्या राजाची दाढ मोडली. त्याने निरोप धाडला, ‘तुमच्या डाळीत खडे होते.’ वरच्या दरबारच्या कारभाऱ्याने उलट निरोप धाडला, ‘आमच्या डाळीत खडे नसतात. आपली दाढच किडकी असेल.’

झालं. पुढच्या खेपेला मिठात वाळू आली. त्यावर तक्रार गेली, तर उत्तर आलं, ‘आमच्या मिठात वाळू नसते. आपले डोळे दाखवून घ्या.’ शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी खालच्या राजाने घाटाच्या मध्यावर रस्त्यात काट्याचं कुंपण घातलं. आपण मागे कसं राहायचं म्हणून वरच्या राजाने त्याला लागून दुसरं घातलं. घंटा थांबल्या.

या सगळ्यात भरडली गेली ती राणी. तिचं माहेर कुंपणापलीकडे राहिलं. दुसऱ्याच पावसाळ्यात तिची आई गेली आणि राणीला ते कळलं तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं. राणी रडली नाही, असं दासी सांगत. ती रडली होती, पण चुलीपुढे बसून, धुराचं निमित्त करून.

इकडे राज्यातलं मीठ संपत आलं. बायका भाजीत चिमटीऐवजी चार कण टाकू लागल्या. गुरं गोठ्याच्या भिंती चाटू लागली. राजा बांधावरून फिरताना ते बघायचा आणि मान खाली घालून पुढे जायचा, कारण पहिला निरोप कोणी धाडायचा, इथेच सगळं अडलं होतं.

आणि दिवाळीच्या तोंडावर खालून निरोप आला.

‘भाऊबीजेला मी बहिणीच्या हातचं जेवायला येईन. ताटात आमच्या आईची आमटी हवी. पोटभर जेवलो, तर त्याच पाटावर बसून रस्ता मोकळा करायचं बोलू. न जेवता उठलो, तर सोयरीक संपली आणि रस्ताही संपला.’

समुद्राकाठच्या लोकांची रीतच तशी होती. भाऊ बहिणीच्या ताटावरून न जेवता उठला, की ते नातं पुन्हा जोडता येत नसे. राणीला ते पुरतं ठाऊक होतं. निरोप ऐकताना तिला आधी आनंदाचं भरतं आलं आणि लगेच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण आईची आमटी म्हणजे तिरफळाची आमटी.

तिरफळ ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समुद्राकाठच्या रानात एक काटेरी झाड असतं. त्याला मिरीहून थोडी मोठी, हिरवी फळं घोसाने लागतात. वाळली की ती तपकिरी होतात, उकलतात आणि आत काळं चकचकीत बी दिसतं. आमटीला शेवटची उकळी येते, तेव्हा ही फळं जराशी ठेचून आत टाकायची. मग जो वास सुटतो तो लिंबाचाही असतो आणि मिरीचाही. जिभेला बारीक झिणझिण्या येतात. समुद्राकाठची पोरं तो वास आला की खेळ टाकून घरी पळतात.

घाटावर ते झाड नव्हतं. आणि रस्ता तर बंद होता.

राणीने राज्यभर माणसं धाडली. कोणी मिरी आणली, कोणी कंकोळ आणलं. एकाने तर कसल्याशा झुडपाची फळं आणली, ती चाखून तो स्वतःच दोन दिवस आडवा पडला. तेवढ्यात राजवाड्याचा कोठावळा धावत आला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

‘‘राणीसाहेब, तिरफळं आहेत! आपल्या लग्नात माहेराहून करंडा आला होता ना, तेव्हापासून जपून ठेवलीत. मुंगीला शिवू दिली नाहीत!’’

राणीचा जीव भांड्यात पडला. कोठावळ्याने चांदीची डबी उघडली. आत काळे कुळकुळीत, गोल मणी होते, अगदी एकसारखे. राणीने एक दाताखाली धरला. ना वास, ना चव. वर थोडा कडूच लागला.

‘‘काका, ही नुसती बी आहे,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘हिच्या वरचं टरफल कुठाय?’’

‘‘टरफल?’’ कोठावळा गोंधळला. ‘‘ते तपकिरी, उकललेलं? तो कचरा मी तेव्हाच पाखडून टाकला की! आमच्याकडे धान्याचं टरफल टाकतात आणि दाणा ठेवतात.’’

राणीने कपाळाला हात लावला. तिच्या माहेरी बी टाकत आणि टरफल ठेवत. सगळा स्वाद टरफलातच असतो. बिचाऱ्या कोठावळ्याने इतकी वर्षं कचरा चांदीत जपला होता आणि तिरफळ उकिरड्यावर फेकलं होतं. राणीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने त्याला एका शब्दाने दुखवलं नाही. एवढ्या निगुतीने चूक करणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं!

शेवटी कारभारी पुढे झाला. हा तोच, दाढ किडकी म्हणणारा. माणूस हुशार होता. नको तिथे हुशार होता, एवढंच.

‘‘राणीसाहेब, तिरफळ नाही तर नाही. तिरफळासारखं करू. वास हवा ना? मिरी आणि ईडलिंबाची साल. झिणझिण्या हव्यात ना? वैद्यबुवांकडे अक्कलकारा आहे. दाढदुखीवर ती मुळी चघळायला देतात, जीभ कशी चरचरते! चिमूटभर पूड टाकली की झालं. पाहुणे म्हणतील, वा, काय तिरफळ आहे!’’

राणीने करून पाहिलं. तूरडाळ शिजवली, कोठारात उरलेलं सुकं खोबरं वाटून घातलं, चिंच-गूळ घातला. शेवटच्या उकळीला भरडलेली मिरी, ईडलिंबाच्या सालीचा कीस आणि अक्कलकाऱ्याची अगदी थोडी पूड. वास दरवळला. राजा बाहेरून आत आला.

‘‘मिळालं का तिरफळ?’’ त्याने विचारलं.

कारभारी मिशीतल्या मिशीत हसला. राणीने वाटीतला घोट घेतला आणि क्षणभर तिला आईच दिसली. आई चुलीपुढे बसली आहे, पदराने कपाळ पुसते आहे. इतकी ती आमटी जमली होती. दुसऱ्या घोटाला मात्र ते चित्र पुसलं गेलं. मिरीचा तिखटपणा वर आला, अक्कलकारा जिभेवर जरा जास्तच रेंगाळला. आमटी चवदार होती. पण ती आईची नव्हती.

‘‘चांगली झालीये,’’ राणी म्हणाली. ‘‘पण दादाला मी सांगेन, ह्यात तिरफळ नाही म्हणून.’’

कारभाऱ्याने राजाकडे पाहिलं. राजाने चुलीकडे पाहिलं. काहीच न ठरता तो दिवस मावळला.

भाऊबीज उजाडली. कारभारी पाहुण्यांना आणायला कुंपणापर्यंत गेला. राणीने पहाटेच न्हाऊन रांधायला घेतलं होतं. पुरणाचं केलं, खीर केली, आळूवडी केली. चव बरोबर यावी म्हणून राज्यातल्या घराघरांतून बायका पदरात बांधून मीठ घेऊन आल्या. कोणी चिमूटभर, कोणी मूठभर. ‘‘पाहुणे जेवून जाऊ देत गं बाई,’’ एवढंच म्हणून त्या ओसरीवर बसून राहिल्या.

पाहुणे वाड्यात शिरायच्या आधी राजा घाईघाईने चुलीपाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता.

‘‘ऐक. पुढे आलेला स्वार सांगतोय, कारभाऱ्याने वाटेतच थाप मारलीये. तुझ्या दादाने विचारलं, आमटीला तिरफळ कुठून आणलं? हा म्हणाला, आमच्या राणीसाहेबांनी मागच्या अंगणात झाड लावलंय, घोसच्या घोस लागतात.’’

राणी उठून उभी राहिली. ‘‘असं म्हणाला?’’

‘‘म्हणून बसला. आता तू नाही म्हणालीस, तर माझा दरबार खोटा पडतो. तो उठून जाईल. बाहेर त्या बायका बसल्यात, त्यांच्याकडे बघ. तू काही खोटं बोलू नकोस. नुसती गप्प बस. एवढंच मागतो मी.’’

हे मागणं लहान नव्हतं आणि वाईट मनानेही केलेलं नव्हतं. राणीने ओसरीवरच्या बायकांकडे पाहिलं. त्यांची पोरं अळणी जेवत होती. गप्प बसायला काय लागतं? ताट वाढायचं, ओवाळायचं आणि दादा भुरके मारत असताना खाली मान घालून वारा घालायचा. ती ताट वाढू लागली.

खालचा राजा पाटावर बसला. बहीण-भाऊ कितीतरी वर्षांनी समोरासमोर आले होते. त्याच्या मिशा पिकल्या होत्या. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने ओवाळलं. त्याने भातावर आमटी वाढून घेतली, कालवली, घास उचलला. वास त्याच्या नाकात गेला असणार, कारण त्याचे डोळे क्षणभर मिटले.

आणि राणीला कळलं, की हा घास गेला तर तिने दादाला आईच्या नावाने फसवलं, असं होईल. ज्या आईला तिला शेवटचं पाहताही आलं नव्हतं, तिच्या नावाने.

‘‘दादा, थांब!’’

कारभाऱ्याची पाचावर धारण बसली. राजाने डोळे मिटून घेतले.

भावाने घास हातात तसाच धरला. दरबारी भाषा बाजूला ठेवून तो लहानपणीच्या बोलीत म्हणाला, ‘‘काय झालां गो बाय? ह्या आमटीत तिरफळां घातलंस ना?’’

‘‘नाय रे दादा.’’ किती वर्षांनी ती बोली तिच्या तोंडात आली होती! ‘‘तिरफळां खंयच गावली नाय. मिरी घातलंय, ईडलिंबाची साल घातलंय, वायचसो अक्कलकारो घातलंय. ही आवशीची आमटी नाय. ही माझी आमटी. जेवचा तर जेव, उठाचा तर उठ. पण तुका फसवून जेवूक घालूचा नाय माका.’’

ओसरीवरच्या बायकांना शब्द सगळे कळले नाहीत, पण अर्थ कळला. एकीने पदर तोंडाशी धरला.

भावाने घासाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. आणि घास तोंडात घातला.

तो सावकाश चावत राहिला. मग त्याने दुसरा घास घेतला. मग आमटीची वाटीच तोंडाला लावली आणि रिकामी करून खाली ठेवली. ‘‘वाढ,’’ तो म्हणाला.

राणी वाढायला वाकली, पण तिला ताट दिसेना, इतकं पाणी डोळ्यांत आलं होतं. थोडी आमटी पाटावर सांडली.

‘‘आईसारखी नाही,’’ आता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. ‘‘पण बरी आहे. जिभेला चरचरते फार. पुढच्या वेळी अक्कलकारा निम्मा घाल.’’ मग त्याने कमरेच्या शेल्याची गाठ सोडली. ताटाजवळ ओवाळणी ठेवली. सोनं नव्हतं, मोती नव्हते. तपकिरी, उकललेल्या तिरफळांची ओंजळ होती. वास असा सुटला की ओसरीवर बसलेल्या बायकांनी माना वर केल्या.

‘‘आईच्या घरामागच्या परड्यातल्या झाडाची,’’ तो म्हणाला. ‘‘वेडे, रस्ता मीच बंद केलाय. इथे तिरफळ नाही हे मला ठाऊक नसेल? मला एवढंच बघायचं होतं, की तुम्ही मला काय सांगता. वाटेत तुमच्या कारभाऱ्याने अंगणातलं झाड सांगितलं, तेव्हाच मी मागे फिरणार होतो. मग म्हटलं, बहिणीच्या तोंडून ऐकू, मग उठू. घोड्यांवरची खोगिरंसुद्धा अजून उतरवलेली नाहीत.’’

राणी तिरफळांची ओंजळ नाकाशी धरून उभी राहिली. आणि आता ती सगळ्यांदेखत रडली, धुराचं निमित्त न करता.

तेव्हा वरचा राजा पुढे आला. इतकी वर्षं तो बांधावरून मान खाली घालून फिरत होता. आज त्याने मान वर केली.

‘‘मेव्हणे, डाळीत खडे होते,’’ तो म्हणाला. ‘‘त्या वर्षी पीक कमी आलं होतं. पोती भरावीत म्हणून कोठारात खडे मिसळले गेले. मी पाहिलं आणि गप्प बसलो. तुमची दाढ किडकी नव्हती.’’

खालचा राजा बघतच राहिला. मग मिशीवरून हात फिरवत, जरा खजील होऊन म्हणाला, ‘‘वाळू मी स्वतः उभं राहून मिसळवली होती. दाढ फार दुखत होती हो!’’

आधी राणी हसली, मग दोन्ही राजे हसले आणि मग ओसरीवरच्या बायका अशा हसल्या की अंगणातली कबुतरं उडाली. पाहुणा खिरीवर खीर जेवला. पाटावरून उठेपर्यंत रस्त्याचं बोलणं होऊन गेलं होतं.

त्याच दुपारी दोन्ही बाजूंची माणसं कोयते घेऊन घाटात गेली. वरचे खालचं कुंपण तोडत होते आणि खालचे वरचं, कारण कुणाचं कुठलं ते आता कोणाला आठवत नव्हतं. काटे सगळ्यांच्याच हातात रुतले आणि सगळ्यांनी एकमेकांचे काढले. संध्याकाळच्या आत पहिला बैल मिठाची गोणी घेऊन घाट चढला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, अख्खी रांग. गावोगावच्या बायका दिवे घेऊन वाटेवर उभ्या राहिल्या. त्या रात्री घाटमाथ्यावर एकही घर अळणी जेवलं नाही.

कारभाऱ्याला राजाने काढून टाकलं नाही. त्याला कोठारातली सगळी डाळ स्वतःच्या हाताने निवडायला बसवलं. तो बराच काळ निवडत होता आणि निवडता निवडता त्याची हुशारी हळूहळू योग्य जागी आली, असं म्हणतात. निदान घाटाखाली गेलेल्या डाळीत नंतर कधी खडा निघाला नाही.

आता परड्यातली तिरफळं दरवर्षी वर येऊ लागली होती. पण दर भाऊबीजेला पाहुणा पाटावर बसला, की आधी बहिणीला म्हणायचा, ‘‘आईची आमटी वाढ आणि तुझीही वाढ.’’ दोन वाट्या ताटात शेजारी शेजारी असत आणि दोन्ही रिकाम्या होत. पुढे राज्यातल्या घराघरांत राणीच्या नावाची ती मिरी-ईडलिंबाची आमटी होऊ लागली. कोणी तिला तिरफळाची आमटी म्हणालं नाही आणि तसं म्हणायची कोणाला गरजही वाटली नाही.

तेव्हा लहानांनो, आणि लहानांना गोष्ट वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: एका जिन्नसाच्या जागी दुसरा घातल्याने जेवण बिघडत नाही, पण दुसऱ्याला पहिल्याचं नाव दिल्याने नातं बिघडतं.